बांधावरचा बांबू कशाकशाला कामी येतो, आणि तो केव्हा तोडावा?

बांधावरचा

नमस्कार. आमची शेती ब्रह्मपुरीच्या पूर्वेस वैनगंगेच्या अंगाला, धानपट्ट्यात आहे. बांध्यांच्या कडेला आजोबांनी लावलेली बांबूची तीन बेटे आहेत. त्यांपैकी दोन मानवेलाची आहेत आणि एक काटेरी आहे, ज्याला आमच्याकडे कटांग म्हणतात. आजोबांच्या काळी या बेटांतून घराला लागणारे जवळजवळ सगळे सामान निघत असे. कुडाच्या भिंती, कवेलूंखालच्या कमच्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या), बंडीला लावायचे तट्टे, धान साठवायची ढोली, कोंबड्यांचे डालगे, बैलांची तुतारी आणि रानडुकरांवर नजर ठेवायचा मचाण, यातले काहीही विकत आणलेले मला आठवत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी त्याच बेटांतला बांबू तोडून गोठ्यापुढे मांडव घातला. भादव्यात बाकी काम नव्हते, म्हणून तेव्हाच तोडला, आणि सरळ व हिरवेगार दिसतील तेवढे बांबू निवडले. होळीच्या सुमारास गाईंच्या पाठीवर पिवळसर पीठ पडलेले दिसू लागले. पहिल्यांदा वाटले की वरून कोंडा सांडत असावा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत अवस्था अशी झाली की मधला आडवा बांबू मी अंगठ्याने दाबला आणि अंगठा आत गेला. त्याच गोठ्याच्या मागच्या बाजूला आजोबांनी घातलेला कूड अजून उभा आहे, आणि माती जिथे गळली आहे तिथल्या कमच्यांवर कोयता मारला तर तो उलट उसळतो.

बेट तेच आणि जमीनही तीच असताना एवढा फरक कशामुळे पडला, हे मला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी आपापल्या भागातले बांबूचे उपयोग आणि तोडीची पद्धत सविस्तर लिहावी, ही विनंती.

सुपातली

भाऊ, मी बुरडकाम करणाऱ्या घरातली आहे. आता नोकरीनिमित्त शहरात असले, तरी सूप विणणे हात विसरलेले नाहीत. आपण सरळ आणि हिरवेगार बांबू निवडले असे लिहिले आहे, आणि चूक नेमकी तिथेच झाली. हिरवागार, अंगावर पांढरट भुकटी असलेला आणि पेरांना वाळकी आवरणे चिकटलेली असा बांबू त्याच वर्षीचा किंवा फार तर मागच्या वर्षीचा असतो. तो विणायला उत्तम आणि मांडवाला निरुपयोगी. वाळताना तो आक्रसतो, त्याच्या अंगाला सुरकुत्या पडतात आणि गाठींजवळ तो चिरतो.

बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. दोन-तीन महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो, म्हणून पाहणाऱ्याला वाटते की झाले, बांबू तयार आहे. प्रत्यक्षात पुढची दोन-तीन वर्षे तो उंच न होता आतून घट्ट होत असतो. तीन वर्षांपुढच्या बांबूचा रंग उतरतो, अंगावर करडे-पांढरे डाग धरतात, आवरणे गळून गेलेली असतात, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकला तर तो खणखणीत बोलतो. माझी आजी डोळ्यांनी अधू झाल्यावरही ठोकून आणि नखाने खरवडून बांबूचे वय सांगत असे.

आता विणकामाबद्दल लिहिते, कारण त्याविषयी फार वरवरचे लिहिले जाते. बांबू उभा चिरल्यावर सालीकडचा भाग आणि पोटाकडचा भाग वेगळा करावा लागतो. सालीकडच्या भागात तंतू दाट असतात, त्यामुळे तिथली पाती पातळ काढली तरी तुटत नाही आणि पाण्याला दाद देत नाही. पोटाकडची पाती मऊ असते आणि लवकर काळी पडते. चांगल्या सुपाचे विणकाम सालीच्या पातीचे असते आणि काठाला जाड कमची दुमडून बांधलेली असते. बाजारात स्वस्त मिळणारे सूप उलटे करून पाहावे, त्यात पोटाची पाती बेमालूम मिसळलेली आढळेल. पाती काढताना सुरी स्थिर धरून बांबू ओढायचा असतो, हे नवशिक्याला उलटे वाटते. तो सुरी चालवायला जातो आणि बोट कापून घेतो. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्या शिक्षणाची खूण अजून आहे.

घरी आणलेल्या सुपाला भिजवलेल्या मेथ्या आणि कागदाचा लगदा वाटून लिंपण्याची पद्धत सर्वांना ठाऊक असेल. त्याने फटी बुजतात आणि बारीक दाणा गळत नाही. ढोलीला मात्र शेण-मातीच हवी, कारण तिला आतून-बाहेरून जाड लिंपण लागते.

संत्राबाग

आमच्या वरूड-मोर्शी भागात बांबूचा सगळ्यात मोठा ग्राहक म्हणजे संत्र्याचे झाड. आंबिया बहाराची फळे भरू लागली की फांद्या जमिनीला टेकायला येतात आणि एखाद्या वादळात बुंध्यापासून फाटतात. म्हणून दरवर्षी टेकू द्यावे लागतात. कुणी फांदीखाली आडवी काठी धरून दोन्ही बाजूंनी टेकू देतो, तर कुणी झाडाच्या मधोमध उंच बांबू रोवून त्याच्या शेंड्यावरून दोऱ्या सोडतो आणि फांद्या वर तोलून धरतो. दुसऱ्या पद्धतीत बांबू कमी लागतात, पण तो मधला बांबू भक्कम हवा.

अनुभव असा की वरचा भाग ठणठणीत असताना जमिनीत गेलेले टोक दुसऱ्या वर्षी कुजते किंवा उधई (वाळवी) खाते. मग खालचा हातभर तुकडा कापून बांबू पुन्हा वापरला जातो आणि दरवर्षी तो आखूड होत जातो. आमच्याकडे टेकूंची वये उंचीवरून ओळखतात म्हणा ना. खालच्या दोन फुटांना डांबर फासले तर हा ऱ्हास पुष्कळ थांबतो. जळके ऑइलही लोक लावतात, पण ते झाडाच्या मुळांशी उतरते, म्हणून मी टाळतो.

पोंगा

एक छोटी भर घालतो. मानवेल कोरड्या, मुरमाड जमिनीत बहुधा भरीव निघतो. त्याची काठी, कुऱ्हाडीचा दांडा आणि तुतारी उत्तम होते. पण तिफणीच्या चाड्याखालचे नळे आणि बायका मागून बी सोडत चालतात ते सरते यांना पोकळ बांबूच लागतो. आमच्या वडिलांनी एकदा हौसेने भरीव मानवेलाला गरम सळईने भोक पाडायला घेतले होते. दुपारभर धूर झाला आणि शेवटी सरते शेजाऱ्याकडून मागून आणावे लागले.

काष्ठकीटक

धागाकर्त्यांच्या गाईंच्या पाठीवर पडलेले पीठ हे भुंगेऱ्यांचे काम आहे. हे भुंगेरे अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात. बांबूत साठलेला पिष्टमय पदार्थ हे त्यांचे अन्न. मादी कापलेल्या टोकातून किंवा चिरेतून आत शिरते, अंडी घालते, आणि अळ्या आतला भाग पोखरून त्याचे पीठ करतात. साल शाबूत राहते, म्हणून अंगठा आत जाईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. यावरून जुन्या लोकांच्या तीन रीतींचा अर्थ लागतो.

पहिली रीत तोडीच्या हंगामाची. पावसाळ्यात तोडू नये, थंडी पडल्यावर तोडावे. पावसाळ्यात बांबू ओलाने भरलेला असतो, आणि बेटात शिरून तोड केली की नवे कोंब पायाखाली मोडतात, हा दुहेरी तोटा आहे. काही जण तोड अंधाऱ्या पंधरवड्यातच करतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण ती मंडळी एरवी हंगाम आणि वय दोन्ही काटेकोर पाळतात आणि त्यांचा बांबू टिकतो.

दुसरी रीत भिजवण्याची. तोडलेला बांबू बोडीत किंवा नाल्यात दगडांखाली दाबून महिना-दोन महिने ठेवला की त्यातला गोडवा आणि पीठ पाण्यात उतरते, आणि भुंगेऱ्याला खायला फारसे काही उरत नाही. वाहते पाणी असेल तर उत्तम. साचलेल्या पाण्यात त्या बांबूला असा वास सुटतो की काही दिवस घरचे लोक जवळ येऊ देत नाहीत, पण वाळल्यावर तो जातो. बांबू पाण्याबाहेर काढल्यावर सावलीत आणि उभा करून वाळवावा. उन्हात घाईने वाळवलेला तडकतो.

तिसरी रीत धुराची. चुलीवरच्या छपरातल्या कमच्या काळ्या कुळकुळीत होतात आणि वर्षानुवर्षे टिकतात, हे सगळ्यांनी पाहिले आहे. आपल्या आजोबांच्या गोठ्यात संध्याकाळी माशा-डासांसाठी धूर करत असतील, तर त्या कुडाच्या आयुष्यात त्याचाही वाटा असेल.

औषधी उपाय हवा असेल तर बोरिक आम्ल आणि बोरॅक्स यांचे द्रावण सर्वांत सोयीचे पडते. 100 लिटर पाण्यात 2 किलो बोरिक आम्ल आणि 3 किलो बोरॅक्स विरघळवावे. बांबूच्या आतले पडदे लांब सळईने फोडून घ्यावेत म्हणजे द्रावण आतून भिनते, आणि ताजा बांबू आठवडाभर त्यात बुडवून ठेवावा. हे मीठ पावसाने धुऊन जाते, म्हणून असा बांबू छपराखालीच वापरावा. संत्र्याच्या टेकूला त्याचा उपयोग नाही. धान्याच्या टोपल्या आणि सुपे यांनाही ते लावू नये.

बांधावरचा

भादव्यात तोड, भिजवणे अजिबात नाही आणि धूरही नाही, म्हणजे मी तिन्ही रीती मोडल्या होत्या, शिवाय बांबू पहिल्या वर्षाचे. धूर आजोबा रोज करत असत. आमच्या गोठ्यात आता पंखा आहे.

रानभाजी

उपयोगांच्या यादीत कुणी वास्त्यांचे नाव घेतले नाही याचे आश्चर्य वाटले. पावसाळ्यात गडचिरोली-चंद्रपूरच्या आठवडी बाजारात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, ढिगाने येतात. बाहेरची आवरणे सोलून आतला पांढरा गाभा अगदी बारीक चिरावा, पाण्यात भिजत ठेवावा, मग उकळून ते पाणी टाकून द्यावे. ही पायरी गाळू नये. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, ते चिरण्याने, भिजवण्याने आणि उकळण्याने निघून जाते. कडूपणा राहिला आहे असे वाटले तर पुन्हा एकदा उकळून पाणी फेकावे. मग चण्याची डाळ घालून केलेली भाजी भाकरीसोबत सुरेख लागते. वाळवून ठेवलेले वास्ते उन्हाळ्यातही कामी येतात.

सुपातली

ताई, भाजी मलाही आवडते. पण एक वास्ता म्हणजे तीन वर्षांनंतरचा एक बांबू. आमच्या घरी बेटाच्या मधले, एकमेकांना रेटणारे कोंब तेवढे खायला काढत आणि कडेच्या कोंबांना हात लावू देत नसत, कारण बेट बाहेरच्या अंगाने पसरते.

रानभाजी

मान्य आहे. बाजारात येणारा ढीग कुठल्या अंगाने काढलेला आहे, हे विकत घेणारीला कळायला मात्र काही मार्ग नाही.

निस्तार

आमचा भाग पूर्वीच्या मध्य प्रांतातला असल्यामुळे घरगुती गरजेचा बांबू जंगलातून आणण्याचे हक्क निस्तारात, म्हणजे गावकऱ्यांच्या घरगुती वापराच्या नोंदलेल्या हक्कांत, धरलेले होते. दुसरीकडे बल्लारपूरच्या कागद गिरणीचा कच्चा माल बरीच वर्षे मुख्यतः बांबूच होता. त्याचा तंतू लांब असल्याने कागद चिवट होतो. निलगिरी आणि सुबाभूळ पुढे आले. एकाच रांझीवर (बेटाला वनखात्याच्या कागदांत हा शब्द आहे) गिरणी, बुरड आणि शेतकरी अशा तिघांची नजर असे, आणि त्यात बुरडाच्या वाट्याला काय येत असेल ते वेगळे सांगायला नको.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. 1927 च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो गवताच्या कुळातला आहे, हे ठाऊक असूनही नव्वद वर्षे तो कागदोपत्री झाड राहिला. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर वस्तूंत) मोजले आणि गावाच्या सामूहिक हक्कात आणले. त्याचा प्रत्यक्ष अंमल व्हायला गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला झगडावे लागले. 2009 साली त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते आपल्याच हाती ठेवून होते. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. नोव्हेंबर 2017 च्या अध्यादेशाने वनाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. म्हणजे धागाकर्त्यांच्या बांधावरचा बांबू त्या कायद्याच्या लेखी आता झाड नाही.

एवढे असूनही दोन वर्षांपूर्वी माझ्या शेतातले तीस बांबू ट्रॅक्टरवर नेताना एका नाक्यावर मला अडीच तास बसवून ठेवले होते. शेवटी घरून सातबारा मागवावा लागला. तेव्हापासून सातबाऱ्याची प्रत ट्रॅक्टरच्या पेटीतच असते.

खोडवा

सर्वांचे लेखन वाचून मन प्रसन्न झाले, पण बांबूकडे व्यवसाय म्हणून पाहणाऱ्यांसाठी एक कडू अनुभव लिहितो. चार वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस गावात आला. त्याने उतिसंवर्धित रोपे, खताचा संच आणि पाच वर्षांनंतर सगळा माल विकत घेण्याची हमी असे चित्र रंगवले. मी दीड एकर सोयाबीनखालून काढून बांबूला दिले. रोपे जगली, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता फोन लागत नाही, आणि करारनाम्यात खरेदीचा भाव लिहिण्याची जागा रिकामी होती, हे माझ्या मुलाने परवा वाचून दाखवले.

रोपांसाठी अनुदान हवे असेल तर राज्य शासनाची अटल बांबू समृद्धी योजना 2019 पासून आहे आणि महाराष्ट्र बांबू विकास मंडळाचे कार्यालय नागपुरातच आहे. मी आधी तिकडे जायला हवे होते. सर्वसाधारणपणे 5 मीटर बाय 5 मीटर अंतराने हेक्टरी 400 रोपे बसतात. पहिली तीन-चार वर्षे हाती काही येत नाही, तेव्हा मधल्या जागेत तूर घ्यावी. आणि बेटाची सावली व मुळे शेजाऱ्याच्या धुऱ्यापलीकडे जातात, म्हणून कडेने चर खोदून ठेवावा, नाहीतर भाऊबंदकीला आणखी एक कारण मिळते.

माझा प्रश्न असा आहे की दीड एकराचा हा माल बाजारात नेण्यापूर्वी गावातच कशात वापरता येईल?

संत्राबाग

खोडवा भाऊ, आपला भाग कोणता ते कळवावे. संत्रा पट्ट्यात दर हंगामाला टेकूंची मागणी असतेच, आणि टमाटर लावणारेही काठ्या शोधत फिरतात. एकगठ्ठा घेणारा मिळेल असे सांगत नाही, पण दहा-वीस बागाईतदार मिळून आपला माल संपू शकतो.

काष्ठकीटक

वणी-वरोरा महामार्गावरचा बांबूचा कठडा कुणी पाहिला आहे का? मार्च 2023 मध्ये तिथे 200 मीटर लांबीचा अपघातरोधक कठडा बसवला गेला आणि त्याला ‘बाहू बल्ली’ असे नाव दिले गेले. लोखंडी पट्ट्यांऐवजी बांबू, ही कल्पना ऐकून अनेकांनी थट्टा केली होती. त्याची चाचणी मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या वाहन-चाचणी केंद्रात झाली आहे. या धाग्याशी त्याचा संबंध असा की तो आपला मानवेल नसून बाल्कोआ जातीचा बांबू आहे, त्याला क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून वापरायचे डांबरी तेल) पाजलेले आहे, आणि वरून पुनर्वापराच्या प्लॅस्टिकचा थर दिलेला आहे. उन्हापावसात उघड्यावर बांबू टिकवायचा तर एवढा खटाटोप करावा लागतो. खोडवा भाऊंनी आपली रोपे कोणत्या जातीची आहेत हे आधी तपासावे. काठीला, विणकामाला आणि बांधकामाला लागणारे बांबू वेगवेगळे असतात, आणि विकणारा माणूस हे क्वचितच सांगतो.

पोंगा

आणि फुलोऱ्याचे विसरू नये. मानवेलाला काही दशकांनी एकदा फुलोरा येतो, एका भागातली पुष्कळ बेटे एकाच सुमारास फुलतात आणि बी गळल्यावर वाळून जातात. ते बी भातासारखे शिजवून खाल्ल्याचे आमच्याकडचे म्हातारे सांगतात, आणि त्या वर्षी उंदीर किती झाले होते हेही सांगतात. धागाकर्त्यांची बेटे आजोबांनी लावलेली आहेत, तेव्हा त्यांच्या वयाचा हिशेब घरात कुणाला ठाऊक असल्यास मांडून ठेवावा. फुललेल्या बेटातला बांबू ठिसूळ होतो.

बांधावरचा

धागा सुरू केला तेव्हा श्रावण होता, आता कार्तिक सरत आला आहे, म्हणून झालेल्या कामाची माहिती देतो. धान कापून झाल्यावर मी बेटांकडे वळलो. गावातल्या एका बुरडीण आजींना सोबत नेले. मी खडूने खुणा केलेल्या अकरा बांबूंपैकी पाच त्यांनी नुसते ठोकून बाद केले. त्यातले तीन त्यांनी सुपासाठी स्वतःकडे मागून घेतले आणि दोन आणखी एक वर्ष राहू द्या असे सांगितले. तोड पहिल्या गाठीच्या लगेच वर, तिरकी न करता सपाट केली. गाठीच्या वर वाटीसारखा खोलगा राहिला तर त्यात पाणी साचून बुंधा कुजतो, हे त्यांच्याकडून कळले. प्रत्येक बेटात जुने आठ-दहा बांबू मुद्दाम ठेवले, कारण नव्या कोंबांना तेच आधार देतात आणि अन्न पुरवतात.

घरी चौकशी केली. आईच्या म्हणण्याप्रमाणे मानवेलाची बेटे तिच्या लग्नाच्या आधीच्या वर्षी लावली, म्हणजे आता अडतीस वर्षे झाली. फुलोऱ्याचे काही लक्षण अजून दिसत नाही.

तोडलेले सहा बांबू बोडीत दगडांखाली दाबले आहेत. काष्ठकीटक यांनी सांगितलेला वास सुटला आहे, आणि तिथे म्हशी धुणाऱ्या शेजाऱ्याने त्याबद्दल दोनदा विचारणा केली आहे. पौषात बाहेर काढेन. सुपातली ताईंना एक विचारायचे राहिले. आजींनी नेलेल्या तीन बांबूंपैकी एकाची पाती त्यांनी माझ्यासमोरच काढली आणि पोटाकडचा भाग चुलीत न घालता बाजूला ठेवला. कशासाठी, असे विचारल्यावर त्या फक्त हसल्या. तो भाग कशाला वापरतात?

सुपातली

डालग्याच्या बुडाला, भाऊ. कोंबडीला सालीचे काय करायचे आहे?